चुकीच्या डब्यातलं ग्रीस

माझी थोरली मुलगी जुन्या लक्झरी बसचे ब्रेक बघते. गॅरेजमध्ये तिला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात, कारण चाकाला हात लावण्याआधी ती ड्रायव्हरला सतरा प्रश्न विचारते. घरी मात्र मी काही विचारलं की एका शब्दात उत्तर. डिस्कला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या पुसून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावायचं, हे तिचं नेहमीचं काम. दुसरं ग्रीस लागलं तर रबर फुगतं, पिना अडकतात आणि ब्रेक नीट धरत नाही. हे ऐकल्यापासून बस दिसली की मी आधी तिची चाकं बघते.

परवा दुपारी ती जेवत असताना गॅरेजमधून मिस्त्रीकाकांचा फोन आला.

“पोरी, ब्रेकच्या रिकाम्या डब्यात मी बेअरिंगचं ग्रीस भरलं होतं. त्याच्या स्वतःच्या डब्याचं झाकण हरवलं म्हणून. तू वापरलं नाहीस ना?”

तिचा हात ताटातच थांबला. गेल्या आठवड्यात वापरलं होतं, एका बसला. ती बस सकाळीच प्रवासी घेऊन घाटाकडे गेली होती.

त्या बसच्या ड्रायव्हरमामांनी फोन उचलेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

“मामा, ब्रेक मारल्यावर गाडी ओढतेय का?”

“डावीकडे, जराशी. म्हटलं, माझ्यासारखीच म्हातारी झाली.”

“उताराला लागू नका. आहात तिथेच थांबा.”

“अगं, लोक मला खातील!”

“खाऊ देत. थांबा.”

मिस्त्रीकाकांच्या टेम्पोतून निघालो. तू कशाला, असं ती म्हणेपर्यंत मी चप्पल घालून आत बसलेही होते.

बस घाटमाथ्यावरच्या पेट्रोल पंपावर उभी होती. उजव्या चाकाची पिन हातोडीशिवाय हलेना. रबर फुगून बेढब झालेलं. तिने दोन्ही बाजूंच्या पिना पुसल्या, नवं रबर बसवलं, नवा डबा फोडला.

“चूक माझी आहे गं,” मिस्त्रीकाका पुटपुटले.

“नंतर. बॅटरी इकडे धरा.”

मामांनी रिकामी बस सपाटीवर फिरवून कचकचून ब्रेक मारले. बस सरळ थांबली.

“आता नक्की ठीक आहे ना?” एका प्रवाशाने विचारलं.

ती पिशवी घेऊन पहिल्या सीटवर जाऊन बसली. मी दारात पाय ठेवला.

“आई, तू टेम्पोने परत जा.”

“तू बसमधून उतरतेस?”

“नाही.”

“मग सरक जरा.”

पहिल्या वळणावर मामांनी ब्रेक दाबला, तेव्हा आम्ही दोघींनी एकदमच डोळे मिटले.