धुतलेला डबा

बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्या मालिकेचा शेवट मी फोडला. दुसऱ्या कुणी नाही.

मालिकेचं नाव लिहीत नाही. ज्यांनी पाहिली ते ओळखतील, आणि पाहिलेले लोक फार नाहीतच. आधी आमच्या भागातल्या केबलवर दर बुधवारी संध्याकाळी लागायची, मग यूट्यूबवर चढायची. करणारा माझा मित्र. लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. लग्नाआधी आम्ही आकुर्डीत एका खोलीत राहायचो, तेव्हापासून त्याच्या डोक्यात ही एकच गोष्ट होती. पुढे पगारातून वाचवून त्याने कॅमेरा घेतला आणि आम्हाला कामाला लावलं.

शूटिंग फक्त गुरुवारी. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, त्यामुळे गोष्टीतला एक दिवस चित्रित व्हायला दोन-तीन आठवडे लागत. मालिकेत ठेकेदार झालेला गडी दारातून आत यायचा तेव्हा दाढी वाढलेली, खुर्चीत बसायचा तेव्हा गुळगुळीत. त्यावर कुणीतरी कमेंट टाकली होती, "दार आहे का सलून?" पोलीस ठाणं म्हणजे देहूरोडचं एक गॅरेज. टायरांवर चादर टाकायचो, तरी ऑइलचे डबे दिसायचेच. "ठाण्यात चहाऐवजी ऑइल पितात वाटतं." मित्र या कमेंटी चहा घेताना मोठ्याने वाचायचा, आपल्या लातुरी हेलात. शिव्या वाचताना जास्त रंगायचा. "बघा रं, ह्या मानसानं दोनदा बघितलाय भाग. एकदा बघून इतकं दिसत नसतंय."

ते वाचन ऐकायला मी आजही काय वाटेल ते देईन.

गॅरेज ज्याचं होतं तोच इन्स्पेक्टर झाला होता. स्कूटर-मोटरसायकलचा मेकॅनिक, त्याला आम्ही मिस्त्री म्हणायचो. अभिनय त्याला येत नव्हता, आणि तेच लोकांना आवडलं. कुठलाही पुरावा उचलण्याआधी तो कापडाला हात पुसायचा. गॅरेजची सवय, दुसरं काही नाही. पण कमेंटींमध्ये त्याचं कौतुक. "काय स्टाइल आहे." "सायबाला बढती द्या." एका बाईंनी लिहिलं होतं की, हा माणूस काही धरायच्या आधी हात पुसतो, म्हणून माझा याच्यावर विश्वास बसला. मित्राने हे वाचलं तेव्हा मिस्त्री लाजून पाना शोधायला आत गेला होता.

आणि मी हरवलेला वॉचमन. भिंतीवरच्या फोटोत आणि पाठमोरा. संवाद एकही नाही. मित्र म्हणाला होता, "तुझ्यासाठीच लिहिलाय ह्यो रोल."

गोष्ट अशी होती. निघोज्याच्या बाजूला एक बंद पडलेली कंपनी. लाइट तोडलेली, पाणी तोडलेलं. तिथला वॉचमन नाहीसा होतो. त्याची बहीण सांगते की ती रोज संध्याकाळी गेटवर डबा ठेवून येते, आणि सकाळी तो डबा रिकामा, स्वच्छ धुतलेला मिळतो. तीच तो पोलिसांना दाखवते. मग जेवतंय कोण? बघणाऱ्यांचं सगळं लक्ष गेटवर. खरा शेवट असा होता की डबा घरातून कधी निघालेलाच नव्हता. पाणी नसलेल्या कंपनीत डबा धुणार कोण? चोरीचा खोटा आळ यायला लागला म्हणून भाऊ पळाला होता, आणि बहीण त्याला लांब जायला वेळ मिळवून देत होती. खून नाहीच. इन्स्पेक्टर शेवटी कोरडा ठणठणीत नळ फिरवून बघतो, कापडाला हात पुसतो, आणि तिच्याकडे बघून काही न बोलता निघून जातो.

हा शेवट चौघांना माहीत होता. मित्र, बहिणीचं काम करणारी त्याची बायको, मिस्त्री आणि मी.

आमच्या कंपनीच्या बसमध्ये मालिका बघणारे बरेच झाले होते. माझी कंपनी वेगळी, मित्राची वेगळी, त्यामुळे बसमध्ये या धंद्यातला मी एकटाच. मी चढलो की सुरू व्हायचं.

"मुडद्याला खिडकी द्या रे!"

"मुडदा कशावरून? डबा खातोय रोज."

"मग वजन का नाही वाढत ह्यांचं?"

ड्रायव्हर निघोज्याचाच. तो आरशातून म्हणायचा, "मामा, तुमी हायसा का गेलासा, येकदाच सांगा. घरी बायको रोज इचारती."

मी हसायचो. क्वालिटीच्या टेबलावर आयुष्य गेलेला माणूस मी. पार्ट घ्यायचा, मापायचा, ठेवायचा. माझं मत कुणी विचारायचं नाही, आणि विचारलं असतं तरी मी दिलं नसतं.

शेवटच्या भागाच्या थोडं आधीची गोष्ट. पहिली शिफ्ट सुटलेली, बस चाकणच्या चौकात अडकली होती. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. पेंट शॉपचा एक जण म्हणाला, "अहो, ह्यांना काय माहीत असणार? करणाऱ्यालाच माहीत नसेल. धागे सोडलेत नुसते. शेवटी म्हणेल भूत होतं." बस हसली.

मी म्हणालो, "पाणी पहिल्याच भागात तोडलंय."

पुढच्या सीटवरचे मागे वळले. ड्रायव्हरने गाणी बंद केली. मग मी सगळंच सांगितलं. डबा, बहीण, नळ, अगदी हात पुसण्यापर्यंत. सलग इतकं मी कधी बोललो नव्हतो. संपलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वा राव! डोकं आहे गड्याला." ड्रायव्हर म्हणाला, "आयला, बहीण! आता बायकोला काय सांगू?"

मित्राच्या अपमानाने मी पेटलो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो. ते खरं नाही. लोक माझं ऐकत होते, म्हणून सांगितलं. आणि उतरताना "हे बाहेर बोलू नका" एवढंही म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी आधीच्या भागाखाली कमेंट आली. दोन ओळींत अख्खा शेवट.

गुरुवारी गॅरेजवर पोचलो तेव्हा मित्र चहा न घेता उभा होता. कमेंट त्याने काढून टाकली होती, पण ती अजून स्क्रीनवर असल्यासारखा मोबाइल आमच्यासमोर धरला होता.

"मी सांगितलं न्हाई. माझी बायको सांगणार न्हाई. ऱ्हायलं कोण?" तो मिस्त्रीकडे बघत होता. "तुझ्या गॅरेजवर धा लोक येऊन बसत्यात."

"बसतात. मी नाय बोललो, भाऊ," मिस्त्री म्हणाला.

"मग ह्यो बोलला?" मित्राने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्याला चहा घेतो का म्हणलं तर हो म्हणायला टायम लावतोय!"

तो हात अजून खांद्यावर आहे असं कधी कधी वाटतं.

"शपथ पण नाय घेणार," मिस्त्री म्हणाला. "बोललो नाय म्हणजे बोललो नाय." मग त्याने माझ्याकडे पाहिलं असावं. नक्की माहीत नाही, कारण मी जमिनीवरचा ऑइलचा डाग बघत होतो. अंगावरचा पोलिसाचा शर्ट काढून त्याने नीट घडी घातली, स्टुलावर ठेवली, आणि कार्बोरेटर उघडून बसला. आम्ही निघालो.

मित्राने शेवट बदलला. ठेकेदारानेच वॉचमनचा खून केला, असं ठरवलं. गोष्टीत इन्स्पेक्टरची बदली झाली आणि एका हवालदाराने गुन्हेगार पकडला. माझं प्रेत इंद्रायणीच्या काठी गवतात सापडतं. पडून राहायचं आणि बोलायचं नाही, एवढंच काम होतं. त्या भागाखाली एकाने लिहिलं, "मुडद्याचा अभिनय सर्वांत चांगला."

बाकीच्यांनी धुतलं. शेवट गंडलाय. सगळ्यावर पाणी ओतलं. आमचा हात पुसणारा साहेब कुठे गेला? मित्राने या कमेंटी कुणाला वाचून दाखवल्या नाहीत. पुढची मालिका करायची होती, तिचं नाव ठरलं होतं, त्यातही माझं पाठमोरं काम होतं. कॅमेरा त्याने विकला. पुढे कंपनीने त्याला दुसऱ्या प्लांटला पाठवलं. आता दिवाळीला फोन येतो. मुलांची चौकशी होते, पगाराची होते. त्याचं आणि मिस्त्रीचं बोलणं तेव्हापासून बंद आहे.

मी रावेतला राहायला आलो. जिथे आम्ही वॉचमनला पाठमोरं चालवलं होतं ते शेत माझ्या गॅलरीतून दिसायला हवं, पण मधे एक टॉवर उभा राहिलाय. स्कूटर चिंचवडला दुरुस्तीला नेतो. देहूरोडच्या गॅरेजसमोरून जावं लागलं तर हेल्मेटची काच खाली करतो.

मालिका अजून यूट्यूबवर आहे. सहा-आठ महिन्यांत एखादा माणूस कुठून तरी येतो, सगळे भाग बघतो, मत लिहून जातो. मी ती मतं वाचतो. चहा घेताना, मनातल्या मनात, लातुरी हेलात. परवा एकाने लिहिलं, "छान प्रयत्न. पण एक राहिलंच. कंपनीत पाणी नव्हतं, तर डबा धुतला कुठे?"

इतक्या वर्षांत हे नेमकं विचारणारा पहिलाच. मी उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. तेवढ्यात त्या प्रश्नाखाली दुसऱ्याचं उत्तर आलं. त्याच्या नावाशेजारच्या फोटोत देहूरोडच्या गॅरेजचा बोर्ड होता.

"उत्तर आहे साहेब. फार भारी आहे. पण ज्याने गोष्ट केली त्याचं आहे ते. मी नाय सांगणार."

शेवट फोडल्याचा आळ ज्याच्यावर आला, तो माणूस आजही तो शेवट कुणाला सांगत नाही. मी माझं टाइप केलेलं पुसलं.

मित्राला फोन करून, आणि मग देहूरोडला जाऊन मिस्त्रीसमोर उभं राहून, दोघांना एकच वाक्य सांगायचं आहे: ते मी बोललो होतो. हे माझं देणं आहे, आणि ते मी अजून दिलेलं नाही.