केस माझेच होते

भूकंपानंतर आम्ही किल्लारीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. मी नऊ-दहा वर्षांची. जमिनीचा भरवसा संपला होता, पण वेणी माझ्या हातात होती. एकेक केस उपटायचा, चावायचा, गिळायचा. बरं वाटायचं, ते मी आजही नाकारणार नाही.

हळूहळू माझं जेवण सुटलं. पोट फुगलं, आत टणक काहीतरी हाताला लागायचं, खाल्लेलं सगळं उलटून पडायचं. एकदा उलटीत केसांचा पुंजका निघाला आणि बोभाटा झाला, भानामती! करणी केली कुणी? तर म्हणे माझ्या काकूनं. तिची दोन्ही लेकरं ढिगाऱ्याखाली गेली होती. स्वतःची राहिली नाहीत म्हणून दुसऱ्याच्या पोरीवर डोळा, असं भावकीचं म्हणणं. अक्कल गहाण टाकलेली माणसं! रोज माझी वेणी घालणारी तीच होती.

देवऋषी आला. काकूला समोर बसवून कबूल कर म्हणून दम देऊ लागला. आई रडत होती. मी अंथरुणावरून ओरडले, "तिनं काई केलं न्हाई! मीच खाते माझे केस!"

"पोरगी न्हाई, तिच्या अंगातलं बोलायलंय," देवऋषी म्हणाला.

माझं डोकंच सणकलं. सगळ्यांच्या देखत मी एक केस उपटला, तोंडात घातला आणि गिळला. "आता बोला!"

आईचं रडणं थांबलं. तिनं देवऋषीला बाहेरची वाट दाखवली आणि काकूला म्हणाली, "चल, हिला लातूरला न्यायचंय."

जीपमध्ये माझं डोकं काकूच्या मांडीवर होतं. लातूरच्या डॉक्टरांनी पोट उघडून केसांचा गोळा काढला. त्याची शेपटी आतड्यात अडकून बसली होती. आणखी उशीर झाला असता तर पोरगी हाती लागली नसती, म्हणाले.

शेडवर परतलो तर भावकीतल्या बायका आपली लेकरं काकूपासून अजून लपवतच होत्या. माझं टक्कल करा, असा सल्लाही मिळाला. मी साफ नाही म्हटलं. रोज संध्याकाळी दारातच, सगळ्यांना दिसेल असं बसायचे आणि काकूकडून वेणी घालून घ्यायचे. हात केसांकडे गेला की ती तो धरून ठेवायची.

दहावीनंतर लातूरला क्लासला निघाले. निरोप द्यायला भावकी जमलेली. मी मुद्दाम वेणी सोडली आणि काकूपुढे पाठ करून बसले.

"काकू, घट्ट घाल," मी म्हणाले.