बंदूकवाले नाना

सोनगीरला भांड्यांच्या दुकानांवरून किल्ल्याकडे निघालं, की शेवटच्या आळीत एका पत्र्याच्या शेडवर पाटी दिसते : 'लीलाधर तांबट, शस्त्रदुरुस्ती, सरकारमान्य'. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ : 'परवाना दाखवल्याशिवाय बोलू नये.' ती नानांनी स्वतः रंगवली. त्यांची बायको कुंदाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माणूस तसाच शे. बायकोलेबी परवाना मांगस."

तांबटाच्या घरी जन्मून नाना काही तांब्याला ठोके देत बसले नाहीत. फौजेत गेले, चोवीस वर्षं पलटणीच्या बंदुका दुरुस्त केल्या आणि परत येऊन घरामागे हे शेड टाकलं. बरं, पेन्शन घेऊन पारावर बसावं ना? छे! छप्पन्नाव्या वर्षी या बाबाला सिरॅमिकचं वेड लागलं. सिरॅमिक म्हणजे कपबशी नव्हे हो. रंगासारखं पातळ असतं, फवारायचं आणि भाजायचं, मग ते लोखंडाला असं धरतं की घाम आणि दमट हवा आत शिरत नाहीत. ते हाताला बसेपर्यंत नानांनी नळाच्या पाइपाचे चाळीस तुकडे वाया घालवले. भट्टीही घरचीच. कुंदाबाईच्या रुखवतातलं लोखंडी कपाट त्यांनी शेडमध्ये ओढून नेलं, आतून विटा लावल्या आणि हीटर बसवला. तेव्हापासून तिची लुगडी पेटीत आहेत, आणि हे ती आठवड्यातून दोनदा तरी ऐकवतेच.

पण काम पाहावं तर नानांचंच! जोडनळीची बंदूक आली की भट्टीत घालायला साफ नकार. "दोन नळ्या कथलानं जोडेल शेतस," म्हणायचे, "तापली का सोडचिठ्ठी." एका पाटलानं त्यावर केवढा आवाज चढवला, तरी नानांनी बंदूक जशीच्या तशी परत दिली.

नवरात्रात एरंडोलचा भिकन आला. तिशी ओलांडलेला, दोन वर्षं घरी बसलेला. एका बँकेत पहारेकऱ्याची जागा निघाली होती आणि तिथे बंदूक स्वतःची लागते. वडिलांची एकनळी बंदूक त्याच्या नावावर झालेली होती, पण पावसाळाभर ती गोधडीत गुंडाळून ठेवलेली, त्यामुळे नळी गंजून तांबडी झाली होती. बँकेच्या साहेबांनी सांगितलं होतं, दसऱ्यानंतरच्या सोमवारी नीट करून आण, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे.

"गोधडीत पोर निजाडतस रे, बंदूक नही," नाना करवादले. मग नळी उजेडाला धरून आतून पाहिली, लोखंड अजून चांगलं जाड आहे म्हणाले, कागद तपासून पावती दिली. "दसऱ्याच्या संध्याकाळी ये."

गुरुवारी नानांनी वाळूच्या फवाऱ्यानं गंज काढला. नळी राखाडी, कोरी झाली. ती रसायनानं धुतली, एकदा भट्टीत तापवून उरलंसुरलं तेल घामासारखं बाहेर काढलं आणि तारेला टांगली. "आता हिला कोणी हात लावायचा नाही," असं बजावून ते झोपले. बोटाचं तेलही सिरॅमिकला चालत नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातलं हत्यार पुजायचं राहिलं तर वर्षभर मनाला टोचणी. नाना आंघोळीला गेले तशी कुंदाबाई ताट घेऊन शेडमध्ये शिरली. कॉम्प्रेसरला, पकडीला, कपाटाच्या भट्टीला तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं ओढली. तारेवरची नळी तेवढी राहिली. एका पोराची भाकरी आहे ती, आणि तीच कोरी ठेवायची? तिनं तीन बोटं ओढलीच. मग नानांचे शब्द आठवले. पदरानं चांगलं घासून पुसलं, डाग दिसेना. ती चुपचाप बाहेर आली.

नानांनी हातमोजे घालून फवारलं, भट्टी लावली. दसऱ्याच्या सकाळी कपाट उघडलं आणि नळी उजेडाला धरली. मग हाक आली, "कुंदा."

बाकी नळी काळीशार, देखणी. मधेच मात्र पुरळ उठल्यासारखे फोड होते. नानांनी नख लावलं, तर पापुद्रा सुटून आला.

"हात गया मना," नाना आपल्या हाताकडे पाहत म्हणाले. "चहाना कप थरथरस, ते तू देखसच ना? आते फवारासुद्धा सरळ ऱ्हाई नही."

"पुन्हा करा ना. उद्याचा दिवस आहे."

"पुन्हा करणारा हात तोच शे." आणि त्यांनी मोबाइल उचलला. "भिकनला सांगतो, नाशकाला ने म्हणून."

दसऱ्याच्या दिवशी नाशकात कोण दुकान उघडून बसलंय? सोमवार गेला, की पोराची नोकरी गेली. आणि हा माणूस उद्यापासून शेडला कुलूप लावून भिंतीकडे तोंड करून बसेल. तिकडे भिकनचा मोबाइल वाजू लागला होता.

"मी कुकू लावं!" कुंदाबाई जवळजवळ ओरडलीच. "काल. नळीले. मंग पदरघाई पुसं. बठ्ठं मन्हं पाप शे, तुमना हात चांगला शे."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. संतापतील, आकाशपाताळ एक करतील, असं तिला वाटलं; निदान तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ते अगदी हळू बोलले, "मन राखायला सांगतेस. मी ओळखतो तुला. मी फौजेत असताना आई गेली, तेव्हाही पंधरा दिवस 'बरी आहे' म्हणून लिहीत होतीस."

आता काय करावं? खरं सांगून खरं वाटेना! कुंदाबाई पुढे झाली. भाजलेली नळी तिनं डाव्या हातानं धरली आणि उजव्या हाताची तीन बोटं त्या फोडांवर ठेवली, काल ओढली होती तशीच, वरून खाली. करंगळीशेजारचं तिचं बोट लहानपणी भांड्याच्या पत्र्यानं कापलेलं, थोडं वाकडं. फोडांची तिसरी रांगही तशीच, शेवटाला बाहेर वळलेली. बोटं सरकत गेली आणि खालचा एकही फोड उघडा राहिला नाही.

नाना वाकून पाहत राहिले. मग त्यांनी आपला उजवा हात पुढे धरला, उलटा केला, सुलटा केला. डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"येडी शेस तू," म्हणाले. "एवढी मोठी भीती घालतात का माणसाला?"

"हॅलो? नाना? हॅलो?" मोबाइलमधून भिकन केव्हाचा ओरडत होता. "झाली का हो बंदूक?"

नानांनी मोबाइल कानाला लावला. "आज येऊ नको. उद्या संध्याकाळी ये," ते म्हणाले. "एक दिवस वाढला. तेलाचा हात लागला."

"कोणाचा?"

"मना," नाना म्हणाले, आणि फोन ठेवून पुन्हा फवाऱ्यात वाळू भरायला लागले.