आधी वाचा, मग सही

आमच्या लांबुनान गावात कुणी सहीसाठी घराबाहेर पडलं की मागून हाक यायची, "चष्मा घेतलास का?" सही म्हणजे गावचे वकील, अटर्नी क्रिसान्तो गार्गानेरा यांचं टेबल, आणि त्या टेबलासमोर बसलेल्या माणसाला आपला कागद आपणच मोठ्याने वाचावा लागे. ज्याला वाचता येत नसे त्याला ते स्वतः वाचून दाखवत. मग कागद पालथा घालत आणि म्हणत, "आता तुझ्या शब्दांत सांग. काय लिहिलंय?" सांगता आलं नाही तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. तोवर नोटरीचा लोखंडी शिक्का खणातच.

"अहो अटर्नी, रेडा विकतोय मी, मुलीचं लग्न नाही लावत!" एकदा एक शेतकरी वैतागला.

"लग्न न वाचता लावता येतं. रेडा नाही विकता येत. वाच."

शहरात, कोर्टाच्या कुंपणाला लागून छत्र्या लावून बसलेले नोटरी तोंडही न बघता शिक्का मारून देतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लोक यांच्याकडे येत. महापौरांनी एकदा ड्रायव्हरबरोबर कागदांचा गठ्ठा पाठवला. अटर्नींनी तो तसाच परत केला. "साहेबांना म्हणावं, पाय त्यांचेच लागतील." महापौर आले, घाम पुसत बसले आणि अकरा कागद वाचले. त्या आठवड्यात गावात दुसरा विषय नव्हता.

मी अटर्नींच्याच वर्गात शिकले, पुढे त्याच शाळेत चाळीस वर्षं शिकवलं. आमच्या गावात जवळजवळ सगळ्यांची आडनावं 'ग' ने सुरू होतात, कुणा जुन्या स्पॅनिश अधिकाऱ्याने अशीच वाटली होती म्हणे. त्यामुळे हजेरीत गार्गानेरा आणि गुम्बान, म्हणजे ते आणि मी, फार लांब नसायचो. त्यांचे वडील लवकर गेले. आई, सगळ्या गावाची नानाय पासिंग, चर्चसमोर तांदळाचे केक भाजून विकायची. क्रिसान्तो वकील झाले आणि गावातच राहिले. धाकटा एर्नानी बारा वर्षांनी लहान. त्याला त्यांनी मनिलाला पाठवून इंजिनीअर केलं, त्याच्या लग्नात बापाच्या जागी उभे राहिले. स्वतःला मूल नव्हतं. एर्नानीची दोन्ही मुलं सुट्टीत यांच्याच घरी वाढली.

समुद्रकाठची पट्टी नानाय पासिंगच्या माहेरची. मोठ्या वादळाच्या वर्षी घरं गेलेल्यांना तिने तिथे झोपड्या घालू दिल्या. झोपड्यांची घरं झाली, एकतीस घरं. त्यांतलं एक माझं. कागद कुणाकडेच नव्हता. शेवटच्या आजारपणात नानायने दोन्ही मुलांना जवळ बोलावलं आणि म्हणाली, "किनारा त्या लोकांना लिहून द्या." दोघेही 'हो' म्हणाले. उशाशी पाण्याचा पेला धरून मी उभी होते.

ती गेल्यानंतरच्या नवव्या दिवसाची प्रार्थना संपून दुपारचं जेवण चाललं होतं. अंगणात सगळं गाव. आत टेबलावर नानायचा फोटो, त्यापुढे मेणबत्त्या आणि तिच्या नावाने वाढलेलं ताट. मी भात वाढत होते. एर्नानी निळी फाइल घेऊन आला.

"नोंग," तो थोरल्या भावाला म्हणाला, "जमिनीच्या कार्यालयाचा कागद. नानायच्या नावावरून आपल्या दोघांच्या नावावर करायचं. दोन ठिकाणी सही लागेल."

अटर्नींनी सवयीने खिशातून चष्मा काढला.

एर्नानी हसला. बाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल असं हसला. "माझा पण कागद वाचणार, नोंग? आज? नानायसमोर?"

जेवणाऱ्यांचे हात थांबले. आमच्याकडे भरल्या पंगतीत भावाचा कागद तपासणं म्हणजे सगळ्यांदेखत त्याच्या तोंडात मारणं. अटर्नींनी फोटोकडे पाहिलं. चष्मा घडी घालून परत खिशात ठेवला आणि दोन्ही ठिकाणी सही केली.

"बस, तोतो," ते म्हणाले. धाकट्याला ते कायम तोतोच म्हणत. "जेवून घे. तुझ्यासाठी भाजलेल्या डुकराचं कुरकुरीत कातडं बाजूला ठेवलंय."

तीन महिन्यांनी टेप घेतलेली माणसं आली आणि आमच्या अंगणांतून लाल टोकांचे बांबू ठोकत गेली. किनाऱ्यावर एका कंपनीचं हॉटेल होणार होतं. घरं रिकामी करायच्या नोटिशीबरोबर जोडलेल्या कागदात लिहिलं होतं की क्रिसान्तो गार्गानेरा यांनी आईच्या मिळकतीतला आपला सगळा हिस्सा धाकट्या भावाला सोडून दिला आहे. खाली तीच सही, आम्ही सगळे ओळखत होतो ती, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली.

माझी शेजारीण नांग कोरिंग त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "अटर्नी, मला दोन पानांसाठी तुम्ही तीनदा वाचायला लावलं होतं. तुम्ही किती वेळा वाचलं?"

"एकदाही नाही," ते म्हणाले.

यावर कुणाचा विश्वास बसला नाही. जो माणूस रेड्याचा कागद वाचल्याशिवाय सोडत नाही, तो स्वतःचा वाचणार नाही? लोक म्हणू लागले, दोघा भावांचं आतून ठरलं असणार. मी तर ती सही होताना पाहिली होती. तरी महिनाभर माझ्याही मनात तेच येत राहिलं. एके दिवशी ते माझ्या घरावरून जाताना दिसले आणि मी खिडकी ओढून घेतली. त्यांनी ते पाहिलं.

ते एर्नानीच्या शहरातल्या घरी गेले. एर्नानीची बायको म्हणाली, आंघोळीला गेलेत. अटर्नी दोन तास बसले. दोन तास तो माणूस आंघोळ करत होता. शेवटी पुतणीने सरबताचा पेला आणून ठेवला, आमच्याकडे थोरांना नमस्कार करताना लावतात तसा त्यांचा हात घेऊन कपाळाला न लावता, आणि आत निघून गेली.

एर्नानी एका ठिकाणी चुकला होता. कागदावर शहरातल्या एका नोटरीचा शिक्का होता आणि मजकूर असा, की अमुक तारखेला दोघे भाऊ माझ्यासमोर हजर राहून सह्या करून गेले. ती तारीख नवव्या दिवसाची होती. त्या दिवशी अटर्नी कुठे होते हे सगळ्या गावाने पाहिलं होतं.

"सख्ख्या भावाला कोर्टात उभं करणार?" त्यांच्या पत्नी, एस्तेर, म्हणाल्या. "नानाय काय म्हणेल?"

"नानाय काय म्हणाली ते तू ऐकलं होतंस."

साक्षीला आम्ही बावीस जण गेलो. कारकून नावं पुकारू लागला, गाम्बोआ, गेलेरा, गोटिको, गुम्बान, तेव्हा न्यायाधीश म्हणाल्या, "हे गाव आहे की शब्दकोशाचं एक पान?" तेवढंच काय ते हसू. मी जे पाहिलं ते सांगितलं. चष्मा बाहेर काढला, परत ठेवला, सही केली.

मग कंपनीच्या वकिलाने अटर्नींना विचारलं, "तुम्ही किती वर्षं वकिली करता?"

"अडतीस."

"आणि हा कागद वाचलात?"

"नाही."

"जरा मोठ्याने. मागे ऐकू जात नाही."

"नाही वाचला."

"अडतीस वर्षांचा वकील न वाचता सही करतो? का?"

अटर्नींनी एर्नानीकडे पाहिलं. तो मोबाइलवर बोट फिरवत होता. "त्याने आणला होता म्हणून," ते म्हणाले.

दोन वर्षांनी तो कागद रद्द झाला, एर्नानीचा कंपनीशी झालेला करारही गेला. नंतर वाटणीत अटर्नींनी राहतं घर आणि भातशेत एर्नानीला देऊन टाकलं आणि फक्त किनारा मागून घेतला. एर्नानीने त्या वेळी मात्र कागद दोनदा वाचला आणि सही केली. अटर्नी आणि एस्तेर औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला गेले. रविवारी एर्नानीची मुलं चर्चच्या बाजूच्या दाराने बाहेर पडत, काकांचा हात घ्यावा लागू नये म्हणून.

किनाऱ्याचे एकतीस कागद झाले. स्वतःच्या दानपत्रावर स्वतःचा शिक्का चालत नाही, म्हणून शेजारच्या गावचे वकील आले. ते म्हणाले, "दहा वर्षं विकता येणार नाही अशी अट घाल ना."

"दिलेल्या वस्तूला दोरी बांधून ठेवत नाहीत," अटर्नी म्हणाले.

प्रत्येकाने आपापला कागद उभं राहून वाचला. खिडकीबद्दल अटर्नी मला कधी काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

अकरा महिन्यांनी मी पेन्शनसाठी हयातीचा दाखला करून घ्यायला त्यांच्याकडे गेले, तेव्हा समोर रोमिल बसला होता. त्यांचा धर्मपुत्र, त्यांना निनोंग म्हणणारा. बाप समुद्रात गेला तेव्हा हा पोटात होता. बाप्तिस्म्याला याला त्यांनी हातांत धरलं, शाळेचे बूट दर जूनला त्यांनीच घेतले. माझ्या घरापासून तिसरं घर त्याचं. टेबलावर विक्रीचा कागद होता, कंपनी तीच.

"शहरात छत्रीखाली झालं असतं की," अटर्नी म्हणाले.

रोमिल खाली बघत होता. "ते लोक म्हणाले, निनोंग... म्हणाले, या वेळी कागद पक्का हवा. तुमचाच शिक्का आणा."

अटर्नींनी कागद त्याच्याकडे फिरवला. मग म्हणाले, "वाच."

रोमिलने वाचला. कुठेही न अडखळता, स्वल्पविरामाला थांबत. पहिलीत एका एका ओळीखाली बोट धरून मीच त्याला वाचायला शिकवलं होतं.

अटर्नींनी कागद पालथा घातला. "आता तुझ्या शब्दांत सांग."

"घर आणि जागा मी त्यांना दिली. महिनाअखेर बाहेर पडायचं. नंतर परत मागायची नाही."

"कुणी जबरदस्ती केली?"

"नाही, निनोंग."

"कुणी फसवलं?"

"नाही."

"बायकोला माहीत आहे?"

"तिचीही सही आहे. ती बाहेर उभी आहे. आत यायला..."

"बोलाव. तिलाही वाचावं लागेल."

ती आली. तिनेही वाचला, हळू आवाजात, पण सगळा. आणखी विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. अटर्नींनी खण उघडून शिक्का काढला आणि दोन्ही हातांनी दाबला. कागदावर त्यांचं नाव गोलाकार उमटलं.

रोमिल उठला आणि त्यांचा हात कपाळाला लावण्यासाठी पुढे झाला. अटर्नींच्या हातात शिक्का होता. त्यांनी तो फडक्याने पुसला, डबीत ठेवला, डबी खणात ठेवली, खण लावला. रोमिल वाकलेलाच उभा होता. मग त्यांनी हात पुढे केला.

दोघं जिना उतरून गेली. अटर्नी खिडकीशी गेले नाहीत.

"या, बाई," ते मला म्हणाले. "तुमचं काय आहे?"

मी दाखला पुढे केला. चार ओळींचा छापील कागद, दर वर्षीचा. त्यांनी चष्मा नीट केला आणि तो माझ्याकडे परत सरकवला.

"वाचा," ते म्हणाले.

मी वाचू लागले.