शेऱ्याच्या रकान्यात न मावलेले दही

चौतीस वर्षे हजेरीपट लिहिताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नोंदवहीत जे लिहिता येत नाही, तेच माणसे पुढे वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत बसतात. दह्याच्या चाचणीच्या वहीत शेऱ्याचा रकाना जेमतेम दोन बोटे रुंद होता. त्यात न मावलेले बरेच काही माझ्याजवळ साचले आहे. तुम्ही आग्रह करता म्हणून सांगते. मात्र मध्येच बोलू नका, माझा क्रम चुकतो.

आधी चाचणी कसली, ते सांगते. माझी विद्यार्थिनी शर्मिला मुंबईतल्या एका दुग्धकारखान्यातली नोकरी सोडून पोलादपूरजवळच्या आपल्या गावी परतली आणि तिने फणसाच्या साठवलेल्या रसाचे प्रोबायोटिक दही करायला घेतले. पोटाला उपकारक असे निवडक जिवाणू पुडीतून आणायचे, त्यांनीच दही लावायचे आणि त्यांची नावे डब्यावर छापायची, असा तो प्रकार. मुंबईतले एक रुग्णालय हे दही घ्यायला तयार होते. पण ते सुरक्षित असल्याचा अहवाल उन्हाळ्यापूर्वी हवा होता. गावातल्या तीस धडधाकट माणसांनी आठ आठवडे ते रोज खायचे, काही त्रास झाल्यास लिहून द्यायचे आणि दर आठवड्याला नमुना लॅबमध्ये पाठवायचा, असे ठरले. अहवाल चांगला आला तर शर्मिला गावात राहणार होती. नाही तर पुन्हा त्याच कारखान्यात.

"बाई, नोंदी तुम्हीच ठेवा. तुमच्या वहीत खाडाखोड नसते," ती म्हणाली. मी सुखावले, हे कबूल करते. दुसऱ्या दिवसापासून महाडहून सकाळची एसटी धरू लागले.

*

पहिल्या दिवशी संमतिपत्रे भरायची होती. सगळ्यांत वडील माणूस म्हणजे धोंडूआबा. सत्तरी उलटलेली, पण भाताचे पोते अजून एकटे उचलतात. त्यांना मी संपूर्ण पत्र स्वच्छ उच्चारांत वाचून दाखवले.

आबांनी डोळे मिटून ऐकले आणि विचारले, "बाई, परीक्षा माझी हाय का दह्याची?"

"दह्याची."

"मग सही दह्याची घ्या की! मी नुसता खानार हाय!"

*

निम्म्या लोकांना साधे दही द्यायचे आणि निम्म्यांना फणसाचे. कोणाला कोणते मिळाले ते त्यांना कळता कामा नये, असा नियम होता. शर्मिलाने एकसारखे कप आणले, वर एकसारखी झाकणे लावली, खाली बारीक खुणा केल्या. मी त्या खुणा दोनदा तपासल्या.

पहिले झाकण उघडले आणि अख्खी खोली फणसाने भरून गेली!

"शर्मिला गो," आबा म्हणाले, "फणस घरात आनला तर चार घरं पल्याडची म्हातारी इचारते, कापा का बरका. तू तो झाकनाखाली लपवतेस?"

साध्या दह्याचे लोक रुसले ते वेगळेच. "आमी काय वाईट केलंय?" असे एकीने मला तोंडावर विचारले. चौथ्या दिवशी कळले, की एका घरात सासूला फणसाचे आणि सुनेला साधे आले होते. दोघी आपापले कप घरी नेऊन एका वाडग्यात कालवत आणि निम्मे निम्मे खात. मी जाब विचारला तेव्हा सासू म्हणाली, "बाई, आमच्यात पयल्यांदाच येका गोष्टीवर येकमत झालंय. ते तरी मोडू नका!"

मी मोडले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाने माझ्यासमोर बसून खायचे, असा नियम केला.

*

रोजच्या फॉर्मवर प्रश्न होते: पोटात दुखले का, गुबारा धरला का, जुलाब झाले का. पहिला आठवडा सगळ्या बायकांची उत्तरे एकसारखी आली. सगळ्यांना सोमवारी किंचित गुबारा, बुधवारी काही नाही आणि शुक्रवारी पुन्हा किंचित गुबारा! शर्मिला आनंदली. मला मात्र असल्या एकसारख्या उत्तरपत्रिका चांगल्या परिचयाच्या होत्या.

त्यांतल्या बहुतेक जणी माझ्याच हाताखालून गेलेल्या. एकीला उभे केले. तिने पदराचे टोक दाताखाली धरून सांगितले, "सुमनचं बघून लिवलं, बाई."

"अगं, पोट तुझे! सुमनचे बघून कसे चालेल?"

"ती पयली यायची ना, बाई. तिचं चुकत नसनार."

मी तिच्यावर ओरडले, इतर सगळ्या हसल्या. आज वाटते, माझ्यासमोर खरे उत्तर लिहिण्यापेक्षा बरोबर उत्तर लिहिणे त्यांना अधिक सुरक्षित वाटत होते, आणि ते त्या माझ्याकडूनच शिकल्या होत्या.

*

दही लावायचे काम द्रौपदीबाईंकडे होते. गावाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या, दोन म्हशी पाळणाऱ्या, बोलायला थोड्या. शर्मिला त्यांना काकू म्हणे. तिच्याकडे परदेशी थर्मामीटर होता. काकू मात्र भांड्याला बाहेरून मनगट लावत आणि सांगत, "थांब गो, दूध अजून रागात हाय." शर्मिला थर्मामीटर बघे, दोन अंश जास्तच असत. थोड्या वेळाने काकू म्हणत, "आता निवलं," आणि काटा नेमका हव्या त्या जागी आलेला असे!

"काकू, तुमचं मनगट कुठल्या दुकानात मिळतं?" शर्मिला विचारायची.

त्याच काकूंनी दुसऱ्या आठवड्यात आम्हाला तोंडघशी पाडले. लॅबचे पत्र आले, की सीलबंद नमुन्यात वनस्पतीचे अखंड पान आढळले आहे, खुलासा करावा. मी काकूंकडे पाहिले. त्या जराही बावरल्या नाहीत. सील मी लावल्यावर त्यांनी ते हलकेच सोडवले होते, कप देवळात नेला होता, वर तुळशीपत्र ठेवून नैवेद्य दाखवला होता आणि सील पुन्हा तितकेच नीट चिकटवले होते.

"द्रौपदीबाई, हे कशासाठी?"

"देवाला दाखवल्याबिगर मुंबईला कसं धाडायचं, बाई? देव पयला, लॅब मागनं!"

खुलासा मीच लिहिला. 'स्थानिक प्रथेनुसार' हे शब्द योजले. लॅबने दुसरा नमुना मागवला आणि ते प्रकरण मिटले.

*

सातव्या आठवड्यात मोठी तपासणी झाली. दह्यातल्या जिवाणूंची कुळे ओळखण्याची. निकाल आला तेव्हा शर्मिलाने तो दोनदा वाचला. डब्यावर छापायच्या जिवाणूंखेरीज आणखी काही अनोळखी जिवाणू त्यात सापडले होते.

मी सगळ्यांना ओळीत उभे केले. शाळेत ही पद्धत कधी वाया गेली नव्हती. "दुधात पुडीखेरीज काय पडते?" मी विचारले.

"काय पडनार?" काकू सहज म्हणाल्या. "पुडी, फणस, नि घरचं चमचाभर इरजण."

"द्रौपदीबाई, त्यात अनोळखी जिवाणू निघाले आहेत!"

"अनोळखी? उमरठचे हायेत ते, माझ्या म्हायेरचे! लग्नात आयेनं वाटीत दिलेलं इरजण हाय. चाळीस वर्सं येक दिस तुटू दिलं नाय. ती पुडीतली परकी पोरं, नव्या घरात येकटी कशी रुजतील, बाई? कोन तरी घरचं सोबत नको?"

खोली हसली. शर्मिलासुद्धा हसता हसता रडली. मग तिने मला बाजूला घेतले.

"बाई, चाचणी रद्द लिहा. खरं तेच लिहायला हवं. आपण ताबडतोब पुन्हा सुरू करू, रुग्णालय तेवढं थांबेल. फक्त काकूंना मी घरी जाऊन समजावते. इथं काही बोलू नका."

तिचे बरोबर होते. परंतु माझ्या वहीत सात आठवडे एकही खाडाखोड नव्हती, आणि आता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिरपी रेघ मारावी लागणार होती. मी लाल शाईचे पेन काढले. काकूंना पुढे बोलावले. तीस माणसांसमोर शेरा लिहिला आणि खणखणीत आवाजात वाचला: 'द्रौपदीबाई यांच्या निष्काळजीपणामुळे सदर चाचणी निरर्थक ठरली.'

चाळीस वर्षे एक दिवस न चुकवणाऱ्या बाईला मी निष्काळजी म्हटले!

काकूंनी हातातला डाव पुसून जागेवर ठेवला, हात धुतले आणि त्या निघून गेल्या. कोणी हसले नाही. धोंडूआबा तेवढे शेवटी म्हणाले, "बाई, तीस मान्सं ठनठनीत हायेत. मग नापास कोन झालं?"

*

काकू दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. शर्मिलाने थर्मामीटरवर दही लावून पाहिले. थंडी होती, वीज जात होती. एक बॅच आंबली, दुसरी पाणी झाली, तिसरी लॅबनेच परत केली. नवी चाचणी सुरू होण्याची रुग्णालयाने पंधरा दिवस वाट पाहिली आणि मग नकार कळवला. आता शर्मिला मुंबईच्या त्याच कारखान्यात आहे. फोन करते, प्रकृती विचारते, दह्याचा विषय काढत नाही. तिची यंत्रे गावात जुन्या लुगड्याखाली झाकून ठेवलेली आहेत.

*

त्या पंधरा दिवसांतलीच ही गोष्ट. मी ती फारशी सांगत नाही.

शर्मिलाने मला काही म्हटले नव्हते. पण काकूंना परत आणायचे असेल तर मीच जायला हवे, हे दोघींना कळत होते. एसटीतून उतरले आणि वरच्या अंगाची चढण चढू लागले. गुडघे बोलत होते. वाटेत मी एक वाक्य जुळवत होते. मुख्य वाक्य, त्याला जोडलेली दोन गौण वाक्ये, शेवटी विनंती. दारापाशी पोहोचेपर्यंत ते निर्दोष झाले होते. 'चूक' हा शब्दही त्यात आला होता. मात्र ती कोणाची, हे त्यातून कळत नव्हते.

काकू नुकत्याच म्हशीचे दूध काढून आल्या होत्या. मला बघताच त्यांनी पडवीतले बाक पदराने पुसले.

"या बाई. येवढी चढन चढलात? गुडघं कसं हायेत?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बोलणे सोपे गेले असते. मी वाक्य सुरू करणार, तोच त्या म्हणाल्या, "बसा, च्या ठेवते," आणि आत गेल्या. दारातच दुधाची चरवी होती. वरचा फेस अजून बसला नव्हता.

चहा आला. धुतलेला कप, खाली बशी. चहा कोरा होता.

मी कपाकडे पाहिले, मग चरवीकडे.

"दूध हाय, बाई, घरात," पदर सावरत काकू म्हणाल्या. "पन तपासलेलं नाय."