रुग्ण सतरा

मधुमेहात पावलावर कुठे किती भार पडतो, याचं कॉम्प्युटर मॉडेल मी पंच्याण्णवच्या सुमारास करत होते. दर बुधवारी उल्हासनगरच्या एका दवाखान्यात पावलांचे शाईचे ठसे घ्यायचे. माझ्या कागदांत ते काका फक्त 'रुग्ण सतरा' होते. अंबरनाथच्या एमआयडीसीतून रिटायर झालेले. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघायचे, कारण खडा रुतला तरी त्यांच्या बधिर पायांना कळत नसे. मी ठशासाठी वाकले, की माझ्या डोक्यावर हात ठेवायचे.

"काका, मी पाया नाही पडत आहे," एकदा मी हसून म्हटलं.

"असू दे गं. दिवाळीत सून पाया पडली, मी पेपर वाचत होतो. मला कळलंच नाही. तिला वाटलं, म्हाताऱ्यानं मुद्दाम आशीर्वाद दिला नाही. त्यानंतर मुलगा-सून फिरकलेच नाहीत. आता कुणी वाकलं, की हात ठेवूनच देतो."

शेवटच्या बुधवारी मी त्यांना स्क्रीनवर त्यांचं पाऊल दाखवलं. बोटांखालचा लाल डाग ते निरखत राहिले.

"सगळा भार इथंच होय?"

निरोप घ्यायला मी खरंच वाकले, दोन्ही पावलांना हात लावला. ते स्क्रीनकडेच बघत होते. डोक्यावर हात आला नाही.

मी तशीच वाकून राहिले.