पहिली शिट्टी पाण्याची

सुमन ढमाले गेल्या तो सोमवार होता. पहिला तास चालू असताना मुख्याध्यापकांच्या खोलीत फोन आला, शिपाई वर्गावर्गात निरोप देत गेला आणि शाळा सुटली. घरी चहा ठेवताना त्यांचं हृदय थांबलं होतं. त्याला आता काही आठवडे झाले.

पौड रस्त्यावरून आत असलेल्या आमच्या शाळेत त्या शारीरिक शिक्षण शिकवत आणि मी मराठी. माण गावाहून त्या स्कूटरवर येत. सासरची बरीच शेती कंपन्यांना चांगल्या भावाने गेली होती, उरलेल्या जागेत भाड्याच्या खोल्या होत्या. यांना नोकरी कशाला हवी, असं लोक म्हणत. मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयात बसायचे. त्या दारातून डोकावायच्या. "बाई, तुमी आढीतल्या आंब्यावानी सावलीतच पिकणार." मी हसून पान उलटायचे...

त्या नव्याने आल्या तेव्हा खेळाच्या तासाला मोठ्या वर्गांतल्या मुली झाडाखाली बसून असत. पोट दुखतं, डोकं दुखतं. त्यांना आधी तो आळस वाटला आणि त्यांनी मुलींना पळवलं. एका दुपारी नववीतली मंगल मैदानावर घेरी येऊन पडली. मी व्हरांड्यातच होते. ढमालेबाईंनी तिला सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं.

"पाणी कधी पिलीस?"

"सकाळी. घरी."

"आन् दप्तरातली बाटली भरलेलीच हाय की."

मंगलची मैत्रीण म्हणाली, "बाई, पाणी पिलं की जावं लागतंय. मुतारीला कडी न्हाई. एकीनं भाएर दार धरून ऱ्हावं लागतंय."

शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कडी होती.

मुख्याध्यापक म्हणाले, दुरुस्तीच्या प्रस्तावात घालू. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ढमालेबाई मुलींच्या त्या दाराला पाठ लावून उभ्या राहू लागल्या, गळ्यात शिट्टी. आत कोणी असेल तोवर हलायच्या नाहीत. पालकसभेच्या दिवशीही त्या तिथेच. मुख्याध्यापक लगबगीने आले. "अहो बाई, लोक बघतायत."

"बघू द्या की सर. त्यांच्याच पोरी हायेत."

संध्याकाळी सुतार आला.

तेव्हापासून त्यांच्या तासाची पहिली शिट्टी पाण्याची. सगळ्यांनी, मुलांनीही, बाटली तोंडाला लावायची. मग रांग, मग पळणं. पाळी आलेल्या मुलीने बसायचं की खेळायचं ते तिचं तिने ठरवायचं, कारण कोणी विचारायचं नाही. आरोग्याचा धडा त्या असाच घेत, पुस्तक न उघडता. हळूहळू मुली झाडाखालून उठल्या. सगळ्या नाही.

त्यांची जागा अजून भरलेली नाही. त्यांचे तास आम्हा बाकीच्यांत वाटले गेले, मागे पडलेला अभ्यासक्रम पुरा करायला. नववीचा एक माझ्याकडे आला. मी व्याकरण घेऊन गेले, खडू उचलला. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, आदी पाणी." वर्गभर बाटल्यांची झाकणं उघडली. मी थांबले... मग खडू ठेवला आणि त्यांना मैदानावर नेलं. मला शिट्टी वाजवता येत नाही, टाळी वाजवली.

हा तास खेळाचाच राहील, असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं. "तुम्ही घेणार?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. बाकीच्या वर्गांचे तास गणिताकडे आणि इंग्रजीकडे गेले आहेत.

मुलींकडची ती कडी थोडी गंजली आहे. आतून नीट लागते.